पुणे विद्यापीठात पीएचडीला येताय? मग खोलीचं असं बघा

ॲडमिशन पक्कं झालं की सगळे पहिले होस्टेलच्या मागे लागतात आणि तिकडून उत्तर मिळतं, लिस्ट लागली की कळेल. फॉर्म भरा, पावतीचा फोटो काढून ठेवा, आणि होस्टेल मिळणारच नाही असं धरून बाहेर शोधायला लागा, मिळालं तर बोनस. मित्राच्या रूमवर 'पॅरासाइट' म्हणून गादी टाकायची सोय इथे पूर्वापार आहे, पण ती आठवड्याभरापुरतीच ठेवा, कारण रेक्टरचा राउंड झाला तर तुमचं काही जात नाही, त्या बिचाऱ्याची रूम जाते.

आता मुख्य गोष्ट. एमए-एमएस्सीला दोन वर्षं कुठेही काढता येतात. पीएचडीला चार-पाच वर्षं काढायचीत आणि घरी यायची वेळ ठरलेली नाही, त्यामुळे भाडं किती हे नंतर बघा, आधी आपण दिवसाचे आठ-दहा तास नक्की बसणार कुठे ते ठरवा आणि तिथून रात्री अकराला घरी कसं पोचणार ते बघा. विद्यापीठाचं आवार ४११ एकरांचं आहे. जाहिरातीत 'विद्यापीठ गेटपासून पाच मिनिटं' लिहिलेलं असतं ते कुठलं गेट, ते रात्री किती वाजता बंद होतं आणि तिथून तुमचा डिपार्टमेंट किती लांब, हे स्वतः चालून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

काम आवारातच असेल, म्हणजे डिपार्टमेंट, जयकर ग्रंथालय किंवा आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, तर खडकी, बोपोडी, औंध रोड ही बाजू बघा, भाडी त्यातल्या त्यात झेपतात आणि बोपोडीला मेट्रो आहे, शिवाजीनगर-स्वारगेट थेट जाता येतं. एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) किंवा आयसर (विज्ञान संशोधन संस्था) असेल तर पाषाण, सुतारवाडी. इतिहास-संस्कृतवाल्यांचं गणितच वेगळं, त्यांचे निम्मे दिवस भांडारकर संस्था नाहीतर भारत इतिहास संशोधक मंडळात जाणार, त्यांनी डेक्कन किंवा पेठांचा विचार करावा. फक्त सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे शेअरिंगच्या खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहणार असाल तर रूममेट बहुतेक स्पर्धा परीक्षावाले असतात, त्यांचा पहाटे पाचचा अलार्म तुमच्या झोपायच्या वेळेला वाजतो. बाणेर-बालेवाडी नकाशावर जवळ दिसतं, पण संध्याकाळी विद्यापीठ चौकातून एकदा जाऊन बघा आणि मग ठरवा. शिवाय त्या भागातल्या बऱ्याच सोसायट्या टँकरवर चालतात, त्याचा खर्च मेंटेनन्समधून शेवटी तुमच्याच भाड्यात येतो.

पैशाचं. जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि एसआरएफ (सीनियर) ४२,००० आहे, ऐकायला छान वाटतं, पण फेलोशिप यूजीसीची असो की राज्य सरकारच्या सारथी, बार्टी, महाज्योती या संस्थांची, ती पगारासारखी एक तारखेला येत नाही. जॉइन झाल्यावर पहिला हप्ता यायलाच काही महिने जातात, नंतरही हजेरीचं मंथली कन्फर्मेशन वेळेत गेलं नाही की पैसे लांबतात आणि मग साचलेलं एकदम येतं. घरमालकाला हे समजावून काही उपयोग नसतो. त्यामुळे डिपॉझिट सोडून तीन महिन्यांचं भाडं खात्यात पडून राहील एवढ्याच भाड्याची खोली घ्या, आणि साचलेली रक्कम एकदम आली म्हणून त्या महिन्यात मोठ्या फ्लॅटवर उडी मारू नका. होस्टेल मिळालं नसेल तर जेआरएफला एचआरए (घरभाडे भत्ता) मिळतो, तो स्वतः फॉर्म भरून मागावा लागतो, होस्टेल न मिळाल्याचं पत्र लगेच घेऊन ठेवा.

खोली बघायला दुपारी जाऊ नका, सकाळी सातला जा. नळ उघडा, बादली भरायला किती वेळ लागतो बघा, पाणी किती वाजता येतं हे मालकाला न विचारता शेजारच्या काकूंना विचारा. (गुरुवारी पाणी बंद असण्याची पुण्यात सवय करून घ्यावी लागते, एक जास्तीचा ड्रम लागतोच.) कपाट भिंतीपासून जरा पुढे ओढून मागे हात लावा, रंगाचे पोपडे हाताला लागले तर जुलैत तिथे बुरशी येणार आणि पुस्तकं तुमची खराब होणार. लाइटचं बिल कसं घेतात ते स्पष्ट विचारा, काही ठिकाणी सबमीटर लावून मनाचा युनिट रेट लावतात. स्वतंत्र मीटर असेल तर ग्राहक क्रमांक घेऊन मागची थकबाकी महावितरणच्या ॲपवर बघा आणि चावी घ्यायच्या दिवशी रीडिंगचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲप करा.

ॲग्रीमेंट नोंदवलेलंच पाहिजे, यावर अजिबात ढिले पडू नका. 'आपण घरच्यासारखे, कागद कशाला' म्हणणारे मालक डिपॉझिट परत द्यायच्या वेळी घरच्यासारखे वागतीलच असं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. ऑनलाइन होतं, एजंट घरी येऊन अंगठे घेतो. लॉक-इन (म्हणजे किती महिने खोली सोडता येत नाही) किती, नोटीस किती आणि जाताना रंगाचे पैसे कापणार का, या तीन ओळी सही करण्याआधी वाचा, बाकीचं सगळीकडे साधारण तेच असतं. ब्रोकर असेल तर तो एक महिन्याचं भाडं घेतो, तेव्हा आधी डिपार्टमेंटच्या ग्रुपवर टाका, थीसिस सबमिट करून जाणाऱ्या सीनियरची खोली हातोहात मिळाली तर ते पैसे वाचतात आणि भांडी, टेबल, कूलरपण स्वस्तात पदरात पडतं.

जेवणाचं म्हणाल तर मेस लावताना चव सगळेच बघतात, तुम्ही खाड्यांचा नियम विचारा. किती खाडे सलग झाले तर पैसे वळते होतात, आणि आदल्या दिवशी सांगावं लागतं का? फील्डवर्क, कॉन्फरन्स, घरी जाणं यात तुमचे खाडे खूप होणार आहेत. रात्री उशिरा येणाऱ्यांनी एक वेळची मेस आणि घरी गॅस हे बरं, पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. खिचडी, अंडी, मॅगी, अजून काय पाहिजे.

रूममेट शक्यतो दुसऱ्या डिपार्टमेंटचा बघा. एकाच गाइडचे दोघं एका खोलीत राहिले की रात्रीच्या जेवणातही गाइडच असतो.

आणि शेवटच्या वर्षाचं आत्तापासून डोक्यात ठेवा. जेआरएफ-एसआरएफ मिळून पाच वर्षांत संपते, थीसिस तोवर संपलेला असतोच असं नाही आणि व्हायवा तर आणखी पुढे जातो. चौथं वर्ष संपता संपता ॲग्रीमेंट रिन्यू करताना अकरा महिन्यांचं लॉक-इन टाकून घेऊ नका, एक महिन्याची नोटीस मागा, आणि एकटे राहत असाल तर तेव्हाच कुणालातरी शेअरिंगला घ्या, फेलोशिप बंद झाल्यावर घाईत शोधलेला रूममेट कसा निघेल सांगता येत नाही.