मेलेली बायोस चिप बदलताना पॅड कसे वाचवावेत

बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल धरतात. महिनाभर बंद पडलेला कॉम्प्युटर उघडला की बोर्डावरच्या आठ पायांच्या बायोस चिपला, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारा प्रोग्राम साठवणाऱ्या चिपला, हिरवट गंज चढलेला सापडतो. चिप स्वस्त असते, पुन्हा मिळते. तिचा पाय जिथे डाखलेला असतो तो तांब्याचा ठिपका, म्हणजे पॅड, उखडला, तर मात्र बोर्ड गेलाच म्हणून समजा. सगळी काळजी त्याचीच घ्यायची.

आधी प्लग आणि बोर्डावरची बटण-बॅटरी काढा. भिंगातून चिपवरचा नंबर लिहून घ्या. दुकानात मराठीत मागा की कन्नडात, नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत सांगा. उदाहरणार्थ, डब्ल्यू२५क्यू६४ एफव्ही नंबरची चिप ३.३ व्होल्टवर चालते, एफडब्ल्यू मात्र १.८ वर, एका अक्षराच्या चुकीने नवी चिप जळते. रुंदीही मोजा, कारण अशा चिपचं अंग ३.९ किंवा ५.३ मिलिमीटर असतं. दोन मागवा, एक हात साफ करायला.

जुनी चिप वाचता येत असेल, तर प्रोग्रामरने (चिप वाचायच्या-भरायच्या यंत्राने) दोनदा वाचून दोन्ही फाइली जुळतात का बघा. बोर्डाचा सीरियल नंबर, नेटवर्कचा पत्ता बऱ्याचदा तिच्यातच असतो. नवी चिप बोर्डावर चढवण्याआधीच तिच्यात बायोसची फाइल भरून तपासून घ्या.

आता काढणं. आजूबाजूच्या प्लास्टिकवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी टेप) लावा, पायांना फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप) लावा आणि त्यावर ६३/३७ चं, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिशाचं, सोल्डर भरपूर चढवा. कारखान्यातलं बिनशिशाचं सोल्डर साधारण २१७ अंश सेल्सियसला वितळतं, हे १८३ ला. दोन्ही मिसळले की काम कमी तापमानात होतं. पंखा बंद करा, खिडकी उघडी ठेवा. हॉट एअर (गरम हवेची गन) ३५० अंशांच्या आसपास ठेवून आधी भोवतालचा बोर्ड अर्धा मिनिट तापवा, मग नळी चिपवर गोल फिरवत राहा. चिमट्याने हलकं टोचून बघा. डुलली की उचला. डुलत नसेल तर ओढू नका. ओढायची घाई झाली की पॅड गेलाच. मध्येच लाईट गेली, तर चिमटा बाजूला ठेवा आणि आल्यावर तापवणं पहिल्यापासून सुरू करा.

हॉट एअर नसेल तरी अडत नाही. चिप मेलेलीच आहे, तेव्हा बारीक कटरने तिचे पाय अंगालगत कापा आणि उरलेले तुकडे सोल्डरिंग गनने एकेक करून काढा. नवशिक्याला मी हीच पद्धत सांगेन.

पॅडवर फ्लक्स टाकून विकने (तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) जुनं सोल्डर शोषून घ्या. विक दाबून घासू नका. गन आणि विक एकत्रच उचला, नाहीतर थंड झालेली विक पॅडला धरून बसते. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा.

नव्या चिपवरचा ठिपका बोर्डावरच्या एक नंबरच्या खुणेकडे येऊ द्या. एका कोपऱ्याचा पाय डाखा, सरळ बसली का बघा, मग तिरका समोरचा, आणि शेवटी बाकीचे. दोन पाय चिकटले तर फ्लक्स लावून स्वच्छ टोक मधून फिरवा. मल्टिमीटरने शेजारचे पाय शॉर्ट नाहीत ना ते तपासा; समोरासमोरच्या कोपऱ्यांतले चौथा आणि आठवा, म्हणजे ग्राउंड आणि वीजपुरवठा, हेही एकमेकांशी शॉर्ट नाहीत ना ते बघा. उरलेला फ्लक्स पुन्हा धुवा, आमच्याकडच्या दमट हवेत तोच पुढे गंज आणतो. मग बॅटरी घाला, लाईट द्या आणि घड्याळ लावून घ्या; तारीख मागे गेलेली असते.