अंडकोश गार लागतोय? आधी हात लावून बघा

लाजू नका, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. मुळात ती पिशवी शरीराबाहेर लटकते तीच यासाठी, की आतलं तापमान अंगापेक्षा २ ते ४ डिग्री कमी राहावं, नाहीतर शुक्राणू नीट बनत नाहीत, त्यामुळे थोडं गार असणं नॉर्मलच.

आता हाताचा तळवा लावा. खरंच गार लागतंय का? मग बहुतेक वेळा घाम असतो, बाईक चालवून आलात, चड्डी ओली, वरून पंखा, घाम वाळताना माठासारखं गार पडणारच. कोरडी सुती चड्डी घाला नि दहा मिनिटांनी परत बघा. थंडीत पिशवी आक्रसून वर जाते, तेही ठीक.

हाताला कोमट पण आतून गार किंवा बधिर वाटत असेल तर नसांचं काम असू शकतं, डायबिटीस असला तर शुगर तपासा. बधिरपणासोबत पाय लुळे पडले किंवा लघवी अडली तर मात्र थेट कॅज्युअल्टी. अचानक जोरात दुखून एक गोटी (वृषण) वर चढली तरीही तेच, तिला आत पीळ बसलेला असू शकतो, तो सोडवायला जेमतेम ६ तास मिळतात, सकाळची वाट बघू नका.