आपला अनुभव सरकारी मसुद्यापर्यंत कसा पोहोचवावा

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात एक जाहीर सूचना असते: अमुक नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला आहे, अमुक तारखेपर्यंत हरकती व सूचना पाठवाव्यात. बहुतेकांची नजर त्यावरून घसरते. जे वाचतात त्यांना वाटतं, हे काम वकिलांचं किंवा संघटनांचं. माझ्या मते ते सगळ्यात आधी त्या माणसाचं आहे, ज्याला तो नियम सोसावा लागतो. मंत्रालयात मसुदा लिहिणाऱ्याला कलम माहीत असतं. ते कलम तहसीलच्या खिडकीपाशी कसं वागतं, हे तिथं रांगेत उभं राहिलेल्यालाच ठाऊक.

आधी मसुदा गाठा

संबंधित विभागाचं संकेतस्थळ, शासन राजपत्र, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा सूचना फलक, या जागा पाहा. केंद्राच्या कायद्यांचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, असं २०१४चं विधिपूर्व सल्लामसलतीचं धोरण सांगतं. शहराच्या विकास आराखड्यावर हरकती घेण्याची तरतूद १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातच आहे. शेवटची तारीख पहिल्यांदा टिपून घ्या आणि मसुदा निदान तुमच्याशी संबंधित भागापुरता तरी स्वतः वाचा.

एकच प्रसंग निवडा

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. ‘रेशन दुकानात गरिबांचे हाल होतात’ हे वाक्य खरं असलं तरी त्यातून अधिकाऱ्याला काही दुरुस्त करता येत नाही. त्याऐवजी समजा तुम्ही लिहिलंत: ‘माझी आजी ७८ वर्षांची आहे. शेतात राबून तिच्या बोटांचे ठसे झिजले आहेत. मार्च महिन्यात तीन वेळा दुकानात जाऊनही मशीनवर ठसा जुळला नाही. दुकानदाराने पुढच्या महिन्यात या म्हणून सांगितलं. त्या महिन्याचं धान्य आम्हाला मिळालं नाही.’ आता नेमकं कुठं अडलं ते कळतं. कोण, कधी, कुठं, कोणत्या कागदामुळे किंवा कोणाच्या ‘नाही’मुळे काम थांबलं आणि त्याची किंमत काय पडली, एवढं आलं की पुरे. राग आला असेल तर जरूर लिहा, पण अडचण आधी सांगा. आयुष्यभराच्या तक्रारी एकाच अर्जात कोंबू नका, नाहीतर महत्त्वाची गोष्ट त्यात हरवते.

अनुभवाला कागदाची जोड द्या

२ डिसेंबर १९९४ रोजी राजस्थानच्या पाली जिल्ह्यात कोटकिराना इथं मजदूर किसान शक्ती संघटनेनं जनसुनावणी घेतली. सरकारी कामांच्या नोंदी गावकऱ्यांसमोर वाचून दाखवल्या गेल्या आणि ज्यांची नावं मजूर म्हणून लागली होती, ते उठून सांगू लागले की या कामावर आपण गेलोच नव्हतो. नुसती तक्रार झटकता आली असती, नुसता कागद कोणाला कळला नसता. दोन्ही समोरासमोर आल्यावर मात्र उत्तर देणं भाग पडलं. नोंदी पाहण्याचा हक्क हवा, ही मागणी अशाच सुनावण्यांतून जोर धरत गेली आणि २००५मध्ये माहितीचा अधिकार कायदा आला. तेव्हा पावती, नाकारलेला अर्ज, सातबाऱ्यावरची चुकीची नोंद, जे असेल त्याची प्रत जोडा. आधार आणि बँक खात्याचे क्रमांक मात्र झाकून टाका.

कलमाचा क्रमांक आणि मागणी

अनुभव सांगून झाल्यावर मसुद्यातल्या कोणत्या नियमामुळे हे पुन्हा घडेल, ते क्रमांकासह लिहा. मग बदल सुचवा, शक्यतो जसाच्या तसा नियमात घालता येईल अशा शब्दांत: ‘ठसा न जुळल्यास दुकानदाराने नोंदवहीत सही घेऊन त्याच दिवशी धान्य द्यावे.’ हे एक वाक्य जमलं नाही तर वाचणारा हळहळतो आणि फाईल पुढे सरकवतो.

‘हा अपवाद आहे’ याला उत्तर

असं म्हटलं जाणारच. म्हणून ज्यांना तोच त्रास झाला आहे, त्यांना आपापल्या शब्दांत लिहायला सांगा. एकाच मजकुराच्या शंभर झेरॉक्सपेक्षा दहा वेगळे अनुभव जास्त वजनदार असतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल बायका बोलू लागल्या, बातम्या आल्या आणि २०१९मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचं आढळलं. आधी कोणीतरी आपलं दुखणं उघड बोललं, म्हणून ही मोजणी झाली.

दुसऱ्याची गोष्ट सांगत असाल तर आधी त्या व्यक्तीला मजकूर वाचून दाखवा आणि संमती घ्या. लहान मुलं, अत्याचार किंवा आजार असा विषय असेल तर नाव-गाव देऊच नका. गावात त्या बाईला नंतर राहायचं असतं, हे कधीही विसरू नका.

मसुदाच निघालेला नसेल तर

ग्रामसभा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं थांबवायचं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. घरोघरी मुकाट्यानं सोसलेली गोष्ट ठरावाच्या भाषेत आली, म्हणून ती मंत्रालयापर्यंत गेली.

पाठवताना आणि नंतर

ईमेल केला तरी एक प्रत आवक-जावक विभागात देऊन शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. प्रत्यक्ष सुनावणी असेल तर सगळं वाचून दाखवायचा हट्ट नको. दोन मिनिटांत प्रसंग आणि मागणी सांगा, लेखी निवेदन हातात द्या. पर्यावरणविषयक जनसुनावणीत कामकाजाचा वृत्तांत उपस्थितांना स्थानिक भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. तोपर्यंत थांबा आणि तुमचं म्हणणं त्यात नीट आलं नसेल तर तिथंच उठून सांगा.

अंतिम नियम निघाले की मसुद्याशी ताडून पाहा. तुमच्या सूचनेचा मागमूस दिसला नाही तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज करा. एकूण किती हरकती आल्या, त्यांच्या सारांशाची टिपणी आणि तुमच्या आवक क्रमांकाच्या सूचनेवर काय शेरा मारला, या तिन्हींच्या प्रती मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा.