नळीला पेलेट जुळवायचंय? मग पाच शॉटच्या ग्रुपवर जीव टाकू नका

ज्यांच्याकडे दहा मीटरची मॅच एअर रायफल आहे किंवा लवकरच येणार आहे (बहुतेक सेकंडहँडच, आपल्याकडे नवी कोण घेते) आणि जे माझ्यासारखे तालुक्याच्या गावात, जिनिंगच्या रिकाम्या गोडाऊनमधे नाहीतर घरामागच्या कोठ्यात दोरी धरून दहा मीटर मोजून प्रॅक्टिस करतात, त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. पोझिशन, श्वास, ट्रिगर हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरतो. विषय एकच, आपल्या नळीला कोणतं पेलेट (एअर रायफलचा शिशाचा छर्रा) जुळते ते शोधायचं कसं.

बाहेरच्या देशात लोकं रायफलची नळी खास बनवून घेतात आणि तिच्यासाठी काडतुसं घरी भरतात, बारूद ग्रेनच्या (वजनाचं बारीक माप) दहाव्या भागापर्यंत मोजून. ते व्हिडिओ पाहून डोक्यात काही घेऊ नका. आपल्याकडे लायसनशिवाय काडतूस बनवणं आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ खाली सरळ गुन्हा आहे, पोलीस स्टेशनमधे कोणी तुमचा छंद ऐकून घेणार नाही. पॉइंट टू टूच्या (.२२ काडतुसाच्या रायफलच्या) मोठ्या खेळाडूंनाही काडतूस भरता येत नाही, ते लॉट (एकाच खेपेत बनलेला माल) निवडतात. काडतूस बनवणाऱ्या एले कंपनीची बर्मिंगहॅमला आणि लापुआची जर्मनीत शोनेबेकला टेस्ट रेंज आहे, तिथं रायफल घेऊन जायचं आणि वेगवेगळे लॉट मारून पाहायचे. आपण एअर रायफलवाले तेच काम गोडाऊनमधे करतो, आणि नेमके तिथंच फसतो.

आता फसतो कसं ते सांगतो, आणि जरा लांबण लावून सांगतो कारण माझे पैसे यातच गेले.

समजा तुम्ही इकडून तिकडून आठ प्रकारचे डबे जमवले. कोणाकडून आर टेन, कोणाकडून फायनल मॅच, कोणाकडून क्यूवायएस, हेड साइझ (पेलेटच्या डोक्याचा व्यास) ४.४९ पासून ४.५१ मिमीपर्यंत. प्रत्येकाचे पाच शॉट मारले. सातांचे ग्रुप, म्हणजे कागदावरचे भोकांचे झुबके, बरे आले आणि एकाचा असा आला की एकच गोल भोक. झालं, हेच आपलं पेलेट, बोलवा दहा डबे! दहा डबे येतात, पहिला उघडता, आणि ग्रुप पुन्हा तसाच फाकलेला. मग माणूस स्वतःला शिव्या देते, नाहीतर रायफलीला.

नळी तीच, पेलेट तेच, तो पहिला ग्रुप निव्वळ नशिबाचा होता. पाच शॉटचा ग्रुप भयंकर लहरी असते. एखाद्या पेलेटचा पाच शॉटचा ग्रुप सरासरी २ मिमी येत असेल (सेंटर टू सेंटर, म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत), तर त्याच डब्यातून कधी १.३ येईल, कधी २.८ येईल, आणि दोन्ही खरेच आहेत. म्हणजे तुमचे आठही डबे अगदी एकसारखे असते तरी आठ ग्रुपमधला सगळ्यात छोटा १.२ च्या आसपास आणि सगळ्यात मोठा २.८ च्या आसपास आलाच असता. तुम्ही पेलेट निवडलंच नाही, चिठ्ठ्या टाकून एक उचलली आणि तिला रिझल्ट म्हणून राहिले. तीन शॉटचा ग्रुप तर याहून वाईट, तीन शॉटचे फोटो टाकणाऱ्यांचं मी पाहणंच सोडलं.

अजून एक. शॉट वाढले की ग्रुप वाढतेच. तोच डबा, तीच नळी, पाचाचे दहा शॉट केले तर ग्रुप साधारण पाव पटीनं मोठा होते. त्यामुळे याचा पाच शॉटचा आणि त्याचा दहा शॉटचा ग्रुप शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याला हात जोडा.

मग किती मारायचे? दोन पेलेटमधे तीसेक टक्क्यांचा फरक असेल तर प्रत्येकी तीस-चाळीस शॉटमधे तो बऱ्यापैकी दिसते. दहा टक्क्यांचा फरक पकडायचा असेल तर प्रत्येकी तीनशेच्या आसपास लागतात, आणि डबा असते पाचशेचा! म्हणजे अर्ध्याहून जास्त डबा टेस्टमधेच संपला. म्हणून दहा टक्क्यांच्या मागं लागूच नका. खराब पेलेट बाजूला काढायचं, चांगल्यातलं जे सहज मिळते आणि परवडते ते घ्यायचं.

माझ्यापुरता सगळ्यात कामाचा उपाय म्हणजे एकाच डब्यातलं पेलेट दोन नावानं मारणं. घरातल्या कोणालाही बसवायचं, आमच्याकडे पुतणी बसते. ती बाटल्यांच्या झाकणांत पेलेट भरते, झाकणाखाली चिठ्ठी, मला वरचा नंबरच दिसते. त्यात दोन झाकणं मुद्दाम एकाच डब्यातली. शेवटी चिठ्ठ्या उघडल्या की आधी ती दोन पाहायची. एकाच डब्याच्या दोन झाकणांत जेवढा फरक आला तेवढा फरक बाकीच्यांत आला तर तो फरकच धरायचा नाही. पहिल्यांदा उघडल्यावर पुतणी म्हणे, "काका, तुमचं पहिलं आलेलं अन् शेवटचं आलेलं एकच आहे ना." मी झाकणं उलटीपालटी करून चिठ्ठ्या तपासत बसलो होतो.

झाकणं आळीपाळीनं मारायची, एकाचे दहा, मग दुसऱ्याचे दहा, पुन्हा पहिल्याचे. एक डबा सकाळी आणि दुसरा दुपारी असं नको. मे महिन्यात पत्र्याखाली सकाळी अकरा आणि दुपारी तीन यात जमीन-अस्मानाचा फरक असते, रायफल आवळून धरायचा शिकंजा ढिला होते, डोळे थकतात, आणि हे सगळं दुपारच्या डब्याच्या नावावर चढते. पेलेट बदललं की पहिले चार-पाच शॉट मोजायचे नाहीत. नळी साफ केल्यावरही तसंच, आधी थोडे मारून तिला बसू द्यायचं.

शिकंजा गावात बनते. आमच्या सुताराकडून सागवानाचे दोन जाड तुकडे घेतले, मधे सायकलच्या ट्यूबचं रबर, खाली जड लोखंडी पाट, तो सिमेंटच्या ओट्याला बोल्टनं आवळला. पकड अ‍ॅक्शनवर (नळीमागचा, पेलेट भरायचा भाग) घ्यायची, नळीवर अजिबात नको. हातानं मारून पेलेट टेस्ट करता येत नाही, कितीही मोठे शूटर असा. पण हे पीसीपी, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलचं झालं. स्प्रिंगवाली बंदूक शिकंज्यात आवळली की ती उलट बिघडते, तिला हातावर सैल ठेवूनच मारावं लागते, आणि तिथं माणसाची चूक आणि पेलेटची चूक वेगळी काढणं जवळपास अशक्य. स्प्रिंगवाल्यांनी दोन-तीन डबे पाहावे आणि सरावाला लागावं.

मोजायचं असं. मॅचच्या जाड कार्डावर मारा, वहीचा कागद फाटते. व्हर्नियर ग्रुपच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत लावा आणि त्यातून ४.५ वजा करा, आला सेंटर टू सेंटर. चांगल्या मॅच नळीतून चांगल्या पेलेटचे दहा शॉट बाहेरून बाहेर साडेपाच-सहा मिमीत बसतात, म्हणजे एक-दीड मिमीचा ग्रुप.

आता याचा मार्कांशी हिशेब लावा, कारण घाबरायचं किती ते तिथं कळते. दहाचा ठिपका अर्ध्या मिमीचा, पेलेट ४.५ चं, म्हणून पेलेटचं केंद्र मध्यापासून २.५ मिमीच्या आत पडलं की १०.०, आणि तिथून दर पाव मिमीला एक दशांश वाढत मध्याजवळ १०.९. दीड मिमीचा ग्रुप मधोमध बसला तर त्यातला सगळ्यात वाईट शॉट १०.७ असते! ज्याची सरासरी साडेनऊ आहे त्यानं पेलेटवर एक रुपया जास्तीचा घालू नये. खरं सांगतो, राग येऊ द्या. जो डबा मिळते तो मारा आणि ड्राय फायरिंग (पेलेट न घालता नुसता ट्रिगरचा सराव) करा, ते फुकट आहे. पेलेटचा विचार सरासरी १०.२-१०.३ च्या पुढं गेल्यावर, तोपर्यंत तुम्ही काहीच गमावून नाही राहिले.

हे तुम्हाला रेंजवरचे काही सर सांगणार नाहीत, कारण डबे तेच विकतात. सगळे तसे नाहीत, पण जो कोच पहिल्याच आठवड्यात "तुझं पेलेट चुकीचं आहे" म्हणते त्याच्यापासून दूर राहा. चांगला कोच आधी तुमचं टार्गेट मागते, ग्रुप कोणत्या बाजूला लांबला ते पाहते. उभा लांबला तर बहुतेक श्वास, आडवा लांबला तर ट्रिगर नाहीतर पायाची ठेवण. आणि सोनाराच्या काट्यावर एकेक पेलेट तोलणं, साबणाच्या पाण्यात धुणं, तेल लावणं या सगळ्याला माझा विरोध आहे. मॅच पेलेट ०.५३ ग्रॅमचं, त्यात कंपनीनंच फरक फार कमी ठेवलेला असते. दिवसभर तोलत बसण्यापेक्षा तेवढ्या वेळात पोझिशन धरा.

एक गोष्ट मात्र हातानं तपासाच. कुरिअरनं किंवा एसटीच्या पार्सलनं आलेल्या डब्यात पेलेटचा मागचा पातळ घेर, स्कर्ट म्हणतात तो, दबलेला असते. काचेच्या तुकड्यावर पेलेट आडवं ठेवून हळूच लोटा. चांगलं पेलेट एकसारखं वळत गोल फिरते, दबलेलं मधेच अडखळून थांबते. अशी सरावाला ठेवा. सतत वर-खाली जाणाऱ्या उडत्या शॉटचं कारण बऱ्याचदा इथंच सापडते.

सेकंडहँड रायफल घेणाऱ्यांनी सिलिंडरवरची तारीख पाहावी. मॅच रायफलच्या सिलिंडरला साधारण दहा वर्षांची मुदत असते आणि तिथं २०० बार हवा तुमच्या गालाजवळ असते. मुदत संपलेला सिलिंडर "चालते ना भाऊ" म्हणून विकणारे खूप आहेत. आणि भरलेला सिलिंडर उन्हात, गाडीच्या डिक्कीत ठेवायचा नाही, आपल्याकडच्या उन्हात तर नाहीच.

गावातला हमखास प्रश्न, "काहून बे, यानं डुक्कर पडते काय?" नाही पडत. साडेसात ज्यूलची ताकद आहे, कागदाला भोक पाडायची. डुक्कर राहू द्या, चिमणी-पारव्यावरही धरायची नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि तुमचं एक चुकीचं काम सगळ्या गावच्या पोरांची प्रॅक्टिस बंद पाडेल. ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला २०१६ च्या आर्म्स रूल्समधे लायसनची अट नाही, ती सवलत टिकली पाहिजे.

पेलेट एकदा ठरलं की डब्यामागचा लॉट नंबर लिहून घ्या आणि त्याच लॉटचे परवडतील तेवढे डबे एकदम घ्या, चार दोस्त मिळून घेतले तर पार्सलचा खर्चही वाटला जाते. लॉट बदलला की नाव तेच असलं तरी झाकणवाली टेस्ट पुन्हा करायची. टेस्ट झाल्यावर हात साबणानं धुवा, मगच चहाला बसा, आणि टार्गेटमागं पडलेली शिशाची भुकटी कोरड्या झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.