ऑफिसात खाऱ्या पाण्याचा मोठा टँक बसवताय? या चुका टाळा

मी ऑफिसांतले माशांचे टँक सांभाळते, आणि घाबरलेले फोन मला बहुतेक सोमवारी सकाळी साडेनऊ-दहाला येतात. ऑफिस उघडतं, रिसेप्शनवरची मुलगी दिवे लावते आणि तिला दिसतं की पाणी दुधाळ झालंय, मासे वर येऊन धापा टाकतायत. "मॅडम, शुक्रवारी संध्याकाळी सगळं ठीक होतं," असं प्रत्येक जण सांगतो, आणि ते खरंच असतं. ऑफिस आठवड्यातले पाच दिवस चालतं, टँकला मात्र सुट्टी नसते. पुण्यातलं बाणेर, खराडी, हिंजवडी, कुठलंही ऑफिस घ्या, मी निस्तरलेल्या बहुतेक चुका इथूनच सुरू झालेल्या आहेत.

दसऱ्याचा मुहूर्त

सगळ्यात जास्त मासे घाईने मरतात, म्हणून आधी हे. गणपती विसर्जन झालं की माझ्याकडे चौकशा सुरू होतात. दसऱ्याला नव्या ऑफिसचं उद्घाटन, तोवर रिसेप्शनमध्ये मासे पोहताना दिसले पाहिजेत. अनंत चतुर्दशी ते दसरा म्हणजे जेमतेम पंचवीस-सव्वीस दिवस. त्यातच काच यायची, स्टँड व्हायचा, पाणी भरायचं. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. यालाच आम्ही टँक सायकल करणं म्हणतो. पैसे जास्त मोजले म्हणून हे जिवाणू लवकर वाढत नाहीत.

बाणेरच्या एका ऑफिसला मी सांगितलं होतं की दसऱ्याला फक्त दगड, वाळू, पाणी आणि निळा दिवा दाखवा, मासे दिवाळीनंतर सोडू. त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या कुणीतरी चार दिवसांत सहा फुटी टँक उभा केला आणि बावीस मासे सोडून दिले. उद्घाटन झालं, फोटो निघाले. कोजागिरीच्या सकाळी मला फोन आला. मी गेले तेव्हा चौदा मासे बादलीत काढून ठेवलेले होते. पिवळा टँग एका कुशीवर पडून कल्ले हलवत होता. मी परीक्षानळीत पाणी घेऊन अमोनियाचे थेंब टाकले. पाच मिनिटांत रंग पिवळा राहायला हवा होता, तो मागे पांढरा कागद धरायच्या आतच गर्द हिरवा झाला. खाऱ्या पाण्याचा पीएच 8.1 ते 8.4 असतो, आणि त्या पीएचला अमोनियाचा विषारी हिस्सा सातच्या आसपास पीएच असलेल्या गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यामुळे घरच्या गोल्डफिशने जे सोसलं असतं, ते इथे सोसत नाही. बावीसपैकी तीन वाचले.

माझी सवय सांगते. मासा न सोडता टँक चालू करायचा आणि जिवाणूंना खायला अमोनिया द्यायचा. घरी मी गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून आणलेली एक मेलेली कोळंबी जाळीच्या पिशवीत घालून पाण्यात सडू देते. ऑफिसात त्या वासाची तक्रार होते, म्हणून तिथे अमोनियम क्लोराइडचे थेंब मोजून टाकते. मग दर रविवारी तपासणी. टाकलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसलं, तरच पुढचा विचार. तेव्हाही आधी दोन मासे, मग दोन आठवडे थांबायचं. बाटलीतल्या जिवाणूंनी थोडी मदत होते, मीही वापरते. पण "बाटली टाकली, आता आजच मासे सोडा" असं सांगणाऱ्या माणसाकडून मी मासा विकत घेणार नाही.

पाणी

इकडे ऑफिसांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं आणि त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, भरमसाठ असतो. "आमच्याकडे पँट्रीत आरओ आहे" हे उत्तर मला नेहमी मिळतं. पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते, म्हणजे जे काढलं तेच पुन्हा येतं. आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषून घेणारं डीआय रेझिन लावा आणि टीडीएस मीटरवर शून्य येऊ द्या. नाहीतर त्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटवर शेवाळ पोसलं जातं आणि तुम्ही महिनोन्‌महिने काच घासत बसता. गुरुवारी पाणी बंद असतं हे पुण्यात कुणाला सांगायला नको, तरी त्याच दिवशी पाणी बदलायचं ठरवलेली ऑफिसं मी पाहिली आहेत. दोनशे लिटरचा झाकणाचा ड्रम कायम भरलेला ठेवा. आरओतून वाया जाणारं पाणी हाउसकीपिंगला फरशी पुसायला द्या.

एका कंपनीची टीम अलिबागला गेली होती. येताना त्यांनी कौतुकाने वीस लिटरचे सहा कॅन समुद्राचं पाणी आणलं. "मॅडम, अस्सल समुद्र आणलाय." मी एक कॅन उघडला तर तळाशी बोटभर गाळ आणि वर कुजका वास. किनाऱ्याच्या पाण्यात सूक्ष्म जीव असतात. बंद कॅनमध्ये घाटातल्या उन्हात ते मरतात आणि सडतात. पावसाळ्यात खाड्यांचं गोडं पाणी मिसळून तिथली क्षारताही घसरते. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय समुद्राला लागून बांधलेलं होतं, आपण सह्याद्रीच्या या बाजूला साडेपाचशे मीटर उंचीवर आहोत. इथे मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठच वापरायचं. मिठागराचं किंवा स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकीचे क्षार हवे तसे नसतात. 600 लिटर पाण्याला साधारण 22 किलो मीठ लागतं. वेगळ्या ड्रममध्ये पंप लावून चोवीस तास फिरवा, क्षारता 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग मीठ) येऊ द्या, मग टँकमध्ये घाला.

आणि बाष्पीभवनाने उतरलेलं पाणी भरताना खारं पाणी घालू नका. वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं. एसीच्या कोरड्या हवेत मोठ्या टँकमधून रोज काही लिटर पाणी उडतं, आणि दर वेळी खारं पाणी घातलं तर महिन्याभरात मासे लोणच्यात राहतात. आरओ-डीआयचं गोडं पाणी आपोआप भरणारा फ्लोट लावून घ्या, माणसाच्या आठवणीवर हे सोडू नका.

जमीन आणि कपाट

सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टँकमध्ये जवळपास 680 लिटर पाणी मावतं. काच, दगड, खालची फिल्टरची टाकी (सम्प) आणि स्टँड धरला की वजन हजार किलोंच्या पुढे जातं, आणि तेही चौरस मीटरभर जागेत. भारतीय मानक 875 प्रमाणे ऑफिसच्या जमिनीचा भार चौरस मीटरला अडीचशे ते चारशे किलो धरतात. म्हणून वास्तू बघायची तर बघा, पण त्याआधी बीम आणि कॉलम कुठे आहेत ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. आयटी ऑफिसात वायरिंगसाठी उचललेली फरशी असते, तिच्यावर तर टँक कधीच ठेवू नका. तेवढा भाग कापून स्टँड थेट स्लॅबवर उतरवा.

इंटिरिअरवाले कपाट सुंदर करतात, पण पाणी थंड ठेवणारा चिलर आत कोंडतात. चिलरने बाहेर टाकलेली गरम हवा तिथेच फिरते आणि तो स्वतःलाच तापवत बसतो. चिलर बाहेर डक्टमध्ये काढा. साधा प्लाय फुगतो, मरिन प्लाय घ्या. विजेचा बोर्ड टँकच्या बरोबर खाली नको, वायरला खाली झोळ द्या म्हणजे थेंब सॉकेटपर्यंत जाणार नाही, आणि आरसीसीबीशिवाय (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) काहीही चालू करू नका.

थोडक्यात, पण तितकंच महत्त्वाचं

भारतीय समुद्रातले प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहेत. "मन्नारच्या आखातातून आणलाय" म्हणून कुणी प्रवाळ किंवा जिवंत खडक (समुद्रातून जीवजंतूंसकट काढलेला दगड) देऊ केला तर नाही म्हणा. कोरडे किंवा सिरॅमिकचे दगड तितकेच चांगले सायकल होतात.

क्लाउनफिश हॅचरीत वाढवलेला घ्या. निळा टँग छोटा असताना गोड दिसतो, पण तो फूटभर होतो.

बंद ऑफिसात माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि टँकचा पीएच उतरतो. पीएच वाढवायच्या बाटल्या ओतण्यापेक्षा स्किमरची (पाण्यातली घाण फेसाने काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढा.

पेस्ट कंट्रोलची फवारणी टँक असलेल्या हॉलमध्ये नकोच, जेल वापरायला सांगा. कोळंबी आणि मासे दोघांनाही ती औषधं मारतात, आणि हवेचा पंप ती थेट पाण्यात नेतो.

दिवाळीतला एमसीबी

खराडीच्या एका ऑफिसात माझा सात वर्षांचा क्लाउनफिशचा जोडा होता. मादी सम्पमधलं पाणी टँकमध्ये परत आणणाऱ्या रिटर्न पाइपजवळच्या कौलाच्या तुकड्यावर अंडी घालायची आणि नर दिवसभर परांनी त्यांना वारा घालत बसायचा. तिथली मंडळी जेवणाच्या सुट्टीत खुर्च्या ओढून ते बघायची. त्या वर्षी लक्ष्मीपूजन झालं, ऑफिस बंद झालं आणि जाताना सूचना आली की सगळं बंद करून जा. गार्डदादांनी सांगितलं तसंच केलं. मी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गेले. दार उघडताच सडक्या अंड्यांचा वास आला, वाळूखालचा थर काळा पडला होता. गार्डदादा म्हणाले, "ताई, मला मेन पाडा म्हणाले, मी पाडला. माशांचं कुणी बोललंच नाही." त्यांची चूक नव्हती. टँकचा स्विच कुठला हे त्यांना आम्ही कुणीच दाखवलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

तेव्हापासून टँकसाठी स्वतंत्र एमसीबी असल्याशिवाय मी काम घेत नाही. त्यावर लाल पट्टी आणि मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरांत "मासे जिवंत आहेत, हा बंद करू नका". रिटर्न पंप आणि पाणी ढवळणारा एक वेव्हमेकर यूपीएसवर, शिवाय वीज गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप. चिलर यूपीएसवर घेऊ नका, तो बॅटरी खाऊन टाकतो. पण एप्रिल-मेमध्ये शनिवार-रविवारी एसी बंद असताना त्याची लाइन चालू आहे ना, हे शुक्रवारी बघाच. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. आणि नंबर एचआरचा घ्या, पण गार्डदादांचा आधी घ्या. वसुबारसेला मी त्यांना भेटून स्विच दाखवून येते.

सोमवारी सकाळी मासे धापा टाकताना दिसले तर

आधी हवा. वेव्हमेकरचं तोंड वर करा म्हणजे पृष्ठभाग हलेल, आणि एअर पंप लावा. वीज बंद राहिली असेल तर बंद डब्याचा फिल्टर तसाच चालू करू नका, आतलं सडलेलं पाणी टँकमध्ये येतं. तो उघडून धुवा. मग तापमान बघा, त्यानंतर अमोनिया तपासा. तापमान 29-30 च्या वर असेल तर बर्फ थेट टाकू नका, बंद बाटल्यांमध्ये घालून हळूहळू खाली आणा. अमोनिया दिसला तर ड्रममध्ये तयार असलेलं, त्याच तापमानाचं आणि त्याच क्षारतेचं पाणी घेऊन तीस टक्के बदला आणि संध्याकाळी पुन्हा तपासा. त्या दिवशी खाद्य टाकू नका, आणि दुकानातून आणलेलं कुठलंही निळं-हिरवं औषध टाकू नका.