मदत पाठवायची तर आधी कोणत्या वह्या मागाल?

गणपती उठले की मला पुण्याहून फोन यायला लागतात. "ताई, दिवाळीची आवराआवर चाललीय, तीन बॅगा चांगले कपडे निघालेत. तुमच्याकडच्या अनाथ मुलांना पाठवू?" नको गं बाई. केनियात युरोप-अमेरिकेतले जुने कपडे गाठोड्यांनी येतात, त्यांना मितुंबा म्हणतात. आमच्या किसुमूच्या किबुये बाजारात दोन-तीन वडापावच्या पैशात बरा शर्ट मिळतो. तुझ्या बॅगांच्या विमानभाड्यात इथल्या चार पोरांचे गणवेश, बूट आणि वह्या होतील.

मग पुढचा प्रश्न येतो, पैसे कुणाला द्यायचे? त्याचं उत्तर फोनवर देऊन देऊन थकले, म्हणून एकदाच लिहून काढते.

मी समाजसेविका नाही. इचलकरंजीच्या एका पतसंस्थेत १९ वर्षं कीर्द-खतावणी केली. यजमान साखर कारखान्यात केमिस्ट. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडची बरीच मंडळी अशी पूर्व आफ्रिकेच्या कारखान्यांत पांगलेली आहेत. किसुमूच्या पूर्वेला मुहोरोनी, चेमेलिलपर्यंत उसाचा पट्टा आहे, त्यातच आम्ही ११ वर्षं राहतो. इथल्या दहा-बारा मराठी घरांनी गणपतीची वर्गणी उरली की ती "मुलांसाठी" द्यायची ठरवलं, आणि हिशेब येतो म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्या वर्षी मी सपशेल फसले. एका बालगृहात ब्लँकेटं, तांदूळ आणि बेसनाचे लाडू घेऊन गेलो. मुलांनी रांगेत उभं राहून गाणी म्हटली, आठ वर्षांचा एक मुलगा माझा हात सोडेना, फोटो झाले, डोळे भरून आले. चार महिन्यांनी, शाळेच्या सुट्टीत, तोच मुलगा मला बाजारात ओमेना विकणाऱ्या बाईशेजारी बसलेला दिसला. ओमेना म्हणजे व्हिक्टोरिया सरोवरातले वाळवलेले बारके मासे, आपल्या सुकटीच्या जातीतले. मी विचारलं, ही कोण? तो म्हणाला, आई. बाई लाजली नाही, उलट सरळ म्हणाली, "तिथे जेवण आणि शाळेची फी मिळते. पाहुणे येणार असले की मला येऊ नको म्हणतात."

स्वाहिलीत अनाथाला 'यतीमा' म्हणतात. आपल्या कानावरचा 'यतीम' आणि तो एकाच अरबी शब्दातून आलेले. पण मी हिंदी सिनेमा बघून शिकलेला यतीम म्हणजे जगात कुणीच नसलेला, आणि आकडेवारीतला अनाथ म्हणजे १८ वर्षांखालचं, आई किंवा बाप, दोघांपैकी एक जरी गेलं असलं तरी मोजलं जाणारं मूल. सेव्ह द चिल्ड्रनने २००९ साली मांडलं होतं की जगभरातल्या अनाथाश्रमांतल्या पाचांपैकी निदान चार मुलांचं एक तरी पालक हयात असतं. ते वाचल्यावर मला ओमेनावाली आठवली. त्या मुलाला आईची वाण नव्हती, आईला फीची होती.

म्हणून कुठल्याही संस्थेला माझा पहिला प्रश्न असतो, मुलं रात्री कुठे झोपतात?

"सगळी आमच्याकडेच" असं उत्तर आलं तर लगेच नाक मुरडू नका, पण का ते विचारा. काही वेळा कारण खरं असतं. नैरोबीचं न्युंबानी १९९२ साली फादर अँजेलो डॅगोस्टिनो या जेझुइट धर्मगुरूने सिस्टर मेरी ओवेन्स यांच्या साथीने सुरू केलं, तेव्हा एचआयव्ही असलेल्या मुलांना ठेवून घ्यायला कुणी धजत नव्हतं आणि औषधं आवाक्यात नव्हती. 'न्युंबानी' म्हणजे 'घरी'. त्याच संस्थेने पुढे केनियातल्याच कितुईत एक अख्खं गाव वसवलं, जिथे आपली मुलं गमावलेले आजी-आजोबा अनाथ पोरांसोबत एकेका घरात राहतात. संस्था काळाप्रमाणे बदलते ती अशी.

इथलं धोरणही तिकडेच वळलं आहे. केनियाने नोव्हेंबर २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली, आणि २०२२ मध्ये दहा वर्षांचा आराखडा आणला, मुलांना हळूहळू संस्थांतून कुटुंबांत नेण्याचा. तेव्हा कुणी "नवीन आश्रम बांधतोय, विटांसाठी देणगी द्या" म्हणत आलं, तर विटांचा भाव विचारण्याआधी परवानगी विचारा.

आधी ऑफिसात, मग संस्थेत

आपण उलटं करतो. आधी संस्थेत जातो, विरघळतो, मग कागद मागायची लाज वाटते. तुम्ही आधी त्या उपजिल्ह्याच्या बाल अधिकाऱ्याकडे जा. सरकारी कार्यालय आहे, थांबावं लागतं, डबा न्या. तिथे विचारायचं की ही संस्था तुम्हाला माहीत आहे का, शेवटची तपासणी कधी झाली, आणि तुम्ही स्वतः तिथे किती मुलं पाठवलीत. तिसरं उत्तर सगळ्यांत मोलाचं. बालगृहात राहणाऱ्या मुलामागे न्यायालयाचा आदेश असावा लागतो. ४० मुलं आणि ९ आदेश असतील, तर उरलेली ३१ कुठल्या वाटेने आली ते संस्थेने सांगायला हवं. मारहाण किंवा त्याहून वाईट काही कानावर आलं तर चर्चा करत बसू नका, ११६ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तो फिरवा.

वह्या

आता माझं माहेर. वार्षिक अहवाल गुळगुळीत कागदावर असतो, तो बाजूला ठेवा. कोठीची वही मागा.

हिशेब सोपा आहे. रात्रीच्या उगालीला, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीला, मुलामागे सरासरी दीडशे ग्रॅम मक्याचं पीठ धरा. ४० मुलांना दिवसाला ६ किलो, महिन्याला १८०. इथे मक्याचं पोतं ९० किलोचं, म्हणजे दोन पोती. एका ठिकाणी पटावर ४० मुलं होती आणि व्हाउचरं महिन्याला एकाच पोत्याची. मला वाटलं, पोरं अर्धपोटी झोपतात की काय. तसं नव्हतं. निम्मी मुलं रोज संध्याकाळी आपापल्या घरी जात होती आणि देणगीदार यायच्या शनिवारी परत आणून बसवली जात होती. मुलं सुखरूप होती हे चांगलंच, पण आमची वर्गणी तिथे पुन्हा गेली नाही. उलट पोती जास्त निघाली तरी विचारा, मका विकता येतो.

दुसरी वही मुलं घरी परत गेल्याची. बहुतेक ठिकाणी ती नसतेच. पतसंस्थेत ठेवी वाढल्या की पेढे वाटतात, पण जाणता संचालक वसुली बघतो. इथे वसुली म्हणजे या वर्षी किती मुलं आईकडे, मावशीकडे, आजीकडे गेली, आणि सहा महिन्यांनी कुणी तिथे जाऊन पाहिलं का. पट दर वर्षी फुगतोय आणि त्याचाच अभिमान सांगितला जातोय, तर सावध व्हा.

तिसरी गोष्ट पगाराची, आणि इथे माझं आपल्याच माणसांशी भांडण होतं. "सगळा पैसा मुलांवरच खर्च झाला पाहिजे, पगारावर नको." अहो, बोडाबोडाच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलच्या मागे बसून चिखलातून महिन्याला तीस घरं फिरणारी समाजसेविका हेच तर काम आहे! तिचा पगार आणि त्या मोटारसायकलचं भाडं द्या. ब्लँकेट द्यायला शंभर जण तयार असतात.

बरी संस्था कशी दिसते

दिसतच नाही, हीच पंचाईत. फाटक नाही, पाटी नाही, गाणी म्हणणारी रांग नाही. मी पहिल्यांदा अशा एका छोट्या संस्थेबरोबर सियायाकडे गेले तेव्हा दाखवायला होतं ते एक पत्र्याचं घर, दोन कोंबड्या आणि चार नातवंडं सांभाळणारी सत्तरीची आजी. लुओ भाषेत आजीला दानी म्हणतात. सियाया, होमाबे आणि किसुमू हा केनियात एचआयव्हीने सर्वांत जास्त पोळलेला भाग. औषधं गावापर्यंत पोहोचायच्या आधी मधली पिढी गेली, आणि म्हाताऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून लंगोट धुवायला घेतले.

संस्थेने त्या दानीला काय दिलं, ते तिच्या ट्रंकेतून बाहेर आलं. आधी मुलांचे जन्मदाखले. त्यांच्यावाचून परीक्षेच्या नोंदणीत अडतं. मग मुलगा आणि सून, दोघांचे मृत्यूचे दाखले. ते कशाला, असं मी विचारलं, तर समाजसेविका म्हणाली, जमीन. पोरांच्या काकाने बांध सरकवायला सुरुवात केली होती. हे मला समजावून सांगायला लागलं नाही, भाऊबंदकी शिरोळ तालुक्यात काय आणि सियायात काय! वारसाची नोंद लागेपर्यंत संस्थेची बाई दानीबरोबर पाच खेपा ऑफिसला गेली होती. अशा पाच खेपांचा फोटो निघत नाही.

शिवाय सरकारी पैसे. अनाथ मुलं सांभाळणाऱ्या गरीब घरांसाठी केनियाची २००४ पासूनची योजना आहे, महिन्याला २,००० शिलिंग, आपले तेराशे रुपयांच्या आसपास, सहसा दोन महिन्यांचे एकदम. दानीला ती ठाऊक होती, अर्ज ठाऊक नव्हता. प्राथमिक शाळेची फी २००३ साली सरकारने माफ केली, पण गणवेश, दुपारचं जेवण, परीक्षेचे किरकोळ पैसे असतातच, आणि मुलं गळतात ती याच किरकोळीत.

सर्वांत धाकटीला एचआयव्ही होता. औषध सरकारी दवाखान्यात फुकट, पण दवाखाना १४ किलोमीटर. संस्था तेवढं भाडं देत होती. लहान मुलांसाठी आता पाण्यात विरघळणारी स्ट्रॉबेरीच्या चवीची डोल्युटेग्राविरची गोळी मिळते, पूर्वीच्या कडू औषधासारखी थुंकली जात नाही. ती बनवणाऱ्यांत मुंबईची मॅक्लिऑड्सही आहे, हे कळल्यावर मला उगाचच आपण काही तरी केल्यासारखं वाटलं. दानीला वाचता येत नाही. रेडिओवर संध्याकाळच्या लुओ बातम्या लागल्या की गोळी, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. रेडिओच्या सेलचे पैसेही संस्थेच्या खात्यात लिहिलेले. त्या नोंदीवर मी खूश झाले.

गावात अशा पंधरा आज्यांची 'चामा' आहे. चामा म्हणजे आपली भिशीच, फक्त थोडे पैसे कर्जाऊही देतात. संस्थेला विचारा, तुम्ही इथून गेलात तर चामा चालेल का? आज्यांनाही वेगळं विचारा, आणि संस्थेचा माणूस तेव्हा जरा लांब उभा असू दे.

ओमेनावालीचंही आम्ही असंच केलं. मंडळींनी तिला मासे साठवायला एक पत्र्याची पेटी आणि थोडं भांडवल दिलं, मुलाची फी थेट शाळेत भरायला लागलो, आणि बाल अधिकाऱ्याच्या सहीने तो घरी आला. घरी आल्यावर पहिले दोन महिने त्याने आईला फार छळलं. तेही संस्थेच्या बाईने आधीच सांगून ठेवलं होतं.

भेट आणि फोटो

माझ्या भाच्याला इंजिनीअरिंगच्या सुट्टीत दोन आठवडे "मुलांमध्ये राहायचं" होतं. मी नाही म्हटलं. दर पंधरवड्याला नवा दादा येतो, जीव लावतो आणि निघून जातो, हे मुलांना किती वेळा सोसायला लावायचं? त्याला मी एका संस्थेच्या हिशेबनीस मुलीला एक्सेल शिकवायला बसवलं. कंटाळला, पण तिची वही अजून त्याच पद्धतीने चालते.

फोटो काढलाच तर चेहरा, पूर्ण नाव आणि आजार यांतलं काहीही एकत्र टाकू नका. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा फोटो किसुमूत परत यायला एक दिवस पुरतो.

पैसे

भारतातून वैयक्तिक पैसे बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (एलआरएस) पाठवता येतात. वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, तिची काळजी आपण करायला नको. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात ८०जी ची सवलत मिळत नाही, ते आधीच समजून घ्या, मार्चमध्ये मला फोन करू नका. इथे राहणाऱ्यांनी एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची इथली सोय, वापरावी, पण संस्थेच्या नावाच्या पे-बिल क्रमांकावर, म्हणजे तिच्या खात्याच्या क्रमांकावर. संचालकाच्या खासगी मोबाइलवर एक शिलिंगही नाही, तो कितीही देवमाणूस असला तरी.

एकदाच पन्नास हजार देण्यापेक्षा तीन वर्षं तिमाही थोडे द्या. आणि संस्थेला दुसरा आधार कोण, ते विचारा. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, तेव्हा त्या एकाच खांबावर उभं असलेलं काम ठिकठिकाणी थांबलं.

वेळही सांभाळा. दिवाळीच्या उत्साहात पैसे येतात, पण इथलं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि डिसेंबरात घरोघर पाहुणे, प्रवास, कोंबडं. नोव्हेंबरात रोख हातात पडलेले पैसे जानेवारीपर्यंत टिकत नाहीत, दानी झाली तरी माणूसच आहे. म्हणून फी थेट शाळेच्या खात्यात, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. पावती शाळेची, मुलाच्या नावाची, शिक्क्यासकट. ती आली नाही तर पुढचा हप्ता थांबवायचा. मी दोनदा थांबवला आहे. एकदा मी बरोबर होते, आणि एकदा पावती बोडाबोडावाल्याच्या पँटच्या खिशात धुऊन निघाली होती. तेव्हा त्या समाजसेविकेच्या घरी जाऊन मी माफी मागितली. तिने चहा पाजला आणि म्हणाली, पुढच्या वेळी पावतीचा फोटो काढूनच पाठवीन.