नाशिकची नोकरी सोडून बंगळुरूला रुजू होताना

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत काही वर्षे काढलेला अभियंता बंगळुरूच्या पीण्या भागातील कारखान्यात नोकरी धरतो, तेव्हा त्याचे बहुतेक लक्ष नवे घर, सामान आणि प्रवास यांतच गुंतलेले असते. ही कामे पैसे मोजून किंवा चार दिवस उशिराने का होईना, होऊन जातात. जुन्या नोकरीचे कागद मात्र गाव सोडल्यावर मिळवणे फार अवघड जाते, कारण ज्यांच्या सह्या हव्या असतात त्यांना भेटायला आपण तिथे नसतो आणि फोनवरच्या विनंतीला प्रत्यक्ष उभे राहण्याचे वजन येत नाही. म्हणून सामान बांधण्याआधी कागद पुरे करावेत, हा क्रम मी सर्वांना आग्रहाने सांगतो आणि पुढील सर्व सूचना त्याच धोरणाने लिहिल्या आहेत.

राजीनामा देण्यापूर्वी नव्या कंपनीचे नियुक्तिपत्र लेखी हातात असले पाहिजे. त्यात हुद्दा, कामाचे ठिकाण, रुजू होण्याची तारीख, परिविक्षा (प्रोबेशन) कालावधी आणि पगाराची फोड स्पष्ट असावी. वार्षिक एकूण आकडा मोठा दिसला, तरी त्यात कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटीची (दीर्घ सेवेबद्दल नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची) तरतूद आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कमही धरलेली असते. त्यामुळे दरमहा प्रत्यक्ष हातात किती पडणार, हे मनुष्यबळ विभागाकडून लिहून घ्यावे आणि त्यातून बंगळुरूचे घरभाडे वजा करूनच तुलना करावी. स्थलांतराचा खर्च कंपनी देणार असेल, तर तो पावत्या दाखवून मिळणार की ठोक रक्कम मिळणार, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास तो परत मागितला जाणार का, हेही आधीच विचारावे. असे विचारण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

त्याचबरोबर जुने नियुक्तिपत्र काढून पुन्हा एकदा वाचावे. नोटीस कालावधी 30, 60 की 90 दिवसांचा आहे, तो पैसे भरून कमी करता येतो का, शिल्लक रजा त्यात वळती होते का आणि प्रशिक्षणाचा बाँड आहे का, हे त्यात सापडते. नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करण्यास सरसकट मनाई करणारे कलम भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 27 मुळे सहसा टिकत नाही. पण ठरावीक मुदतीआधी सोडल्यास भरपाई द्यावी लागेल, अशा बाँडची गोष्ट वेगळी आहे. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2025 साली 3 वर्षांची किमान सेवा आणि 2 लाख रुपयांची भरपाई ही अट वैध ठरवली. तेव्हा बाँडवर सही केलेली असेल, तर त्याची रक्कम हिशेबात धरूनच पुढे जावे.

राजीनाम्याची तारीख ठरवताना ग्रॅच्युइटीकडे अवश्य पाहावे. कायम स्वरूपाच्या नोकरीत सलग 5 वर्षे झाल्यावर तिचा हक्क मिळतो. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता यांना 15 ने गुणून 26 ने भागायचे आणि येणाऱ्या रकमेला सेवेच्या वर्षांनी गुणायचे, असा तिचा हिशेब असतो. मूळ वेतन 30 हजार आणि सेवा 6 वर्षे असेल, तर ही रक्कम 1 लाख 3 हजारांच्या पुढे जाते. पाच वर्षांना एखाद-दोन महिने उरलेले असताना घाईने बाहेर पडणाऱ्यांनी हा आकडा एकदा कागदावर मांडून पाहावा आणि नव्या कंपनीकडे रुजू होण्याची तारीख पुढे ढकलण्याची विनंती करावी. बऱ्याच कंपन्या इतके थांबायला तयार होतात.

राजीनामा ई-मेलने द्यावा आणि तो आधी साहेबांना समक्ष भेटून, दोन वाक्यांत सांगून मग पाठवावा. मजकुरात तक्रारी नकोत. राजीनाम्याची तारीख, नोटीस कालावधी आणि त्यानुसार येणारा कामाचा शेवटचा दिवस एवढे पुरे. राजीनामा स्वीकारल्याचे उत्तर लेखी येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

यानंतरचे सर्वांत किचकट काम म्हणजे ना-देय प्रमाणपत्र, म्हणजे कंपनीचे आपल्याकडे काही येणे नाही असा दाखला. कारखान्यात हा एक छापील फॉर्म असतो आणि तो घेऊन माणसाला विभागाविभागांत फिरावे लागते. टूल रूममध्ये आपल्या नावावर चढवलेले व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि गेज एकेक करून तपासून घेतले जातात. स्टोअरमध्ये सेफ्टी शूज आणि हेल्मेटची नोंद निघते. कँटीनची कुपने, पतसंस्थेचे कर्ज, संगणक विभागाचा लॅपटॉप, टाइम ऑफिसमधील हजेरी आणि शेवटी गेटवरचे ओळखपत्र, अशी प्रत्येक ठिकाणी सही होते. एखादे गेज दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या शिफ्टच्या सहकाऱ्याला दिलेले असते आणि वहीत मात्र अजून आपलेच नाव असते. ते शोधण्यात दिवस जातात, म्हणून हा फॉर्म शेवटच्या दिवशी हातात घेऊ नये. नोटीस कालावधीचे अखेरचे 2 आठवडे उरले की फिरायला सुरुवात करावी आणि सह्या झालेल्या फॉर्मचा फोटो स्वतःजवळ ठेवावा. कार्यमुक्ती पत्र, अनुभव प्रमाणपत्र, शेवटच्या 3 महिन्यांच्या पगारपावत्या आणि राजीनामा स्वीकृतीचा ई-मेल आपल्या खासगी मेलवर घेतल्याशिवाय कंपनीचा मेल बंद होऊ देऊ नये. कंपनीची रेखाचित्रे, दरपत्रके किंवा ग्राहकांच्या याद्या मात्र चुकूनही सोबत नेऊ नयेत.

भविष्य निर्वाह निधीबाबत माझा सल्ला स्पष्ट आहे : पैसे काढू नका, खाते वर्ग करा. यूएएन, म्हणजे निधीचा आपला सदस्य क्रमांक, तोच राहतो आणि नव्या कंपनीला तो दिला की पुढील वर्गणी त्यालाच जोडली जाते. सलग 5 वर्षांची सेवा होण्याआधी रक्कम काढल्यास तिच्यावर कर लागतो. वर्ग केल्यास जुनी सेवा मोजली जाते आणि निवृत्तिवेतनासाठी लागणारी 10 वर्षेही पुरी होत जातात. प्रत्यक्षात हे काम दोन कारणांनी अडते. आधार, पॅन आणि निधीच्या नोंदी यांत नावाचे स्पेलिंग किंवा जन्मतारीख जुळत नाही, हे पहिले कारण. त्याची दुरुस्ती जुनी कंपनी हाताशी असतानाच करून घ्यावी. दुसरे कारण म्हणजे जुनी कंपनी नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर भरत नाही. शेवटची वर्गणी जमा झाल्यावर 2 महिन्यांनी ही तारीख सदस्याला स्वतः भरता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ती तारीख कार्यमुक्ती पत्राशी जुळावी आणि नव्या नोकरीच्या तारखेच्या आधीची असावी. दोन नोकऱ्यांचा काळ एकमेकांवर चढला, तर निधीतही अडचण येते आणि पार्श्वभूमी पडताळणीतही प्रश्न विचारले जातात.

वर्षाच्या मध्यावर नोकरी बदलली असेल, तर आधीच्या नोकरीतील उत्पन्न आणि कापलेला कर यांचा तपशील नव्या कंपनीला लगेच द्यावा. तो न दिल्यास नवी कंपनी केवळ आपल्या पगाराचा हिशेब धरते, प्रमाणित वजावट (पगारातून करासाठी वगळली जाणारी ठरावीक रक्कम) पुन्हा एकदा देते आणि कर कमी कापते. विवरणपत्र भरताना दोन्ही पगार एकत्र येतात आणि मोठी रक्कम व्याजासह एकदम भरावी लागते.

कंपनीचा गट आरोग्य विमा साधारणपणे कामाच्या शेवटच्या दिवशी संपतो. नव्या कंपनीत रुजू होण्याआधी आठवडाभराची जरी फट असली, तरी घरात वयस्कर आई-वडील किंवा लहान मूल असताना ती मोकळी सोडू नये. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे का, हे मुदत संपण्यापूर्वी विचारावे. मी तर म्हणेन की नोकरीवर अवलंबून नसलेली स्वतःची एक पॉलिसी प्रत्येकाकडे असावी.

आता घराचे. नाशिकचे भाड्याचे घर सोडताना करारातील लॉक-इन कालावधी (ज्याआधी घर सोडता येत नाही ती मुदत) पाहून लेखी सूचना द्यावी, महावितरणचे बिल भरून पावती मालकाला द्यावी आणि अनामत रक्कम किल्ल्या देतानाच परत घ्यावी. गॅसची रिकामी टाकी आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यावे. अनामत परत मिळते आणि त्याच व्हाउचरवर नव्या गावी जोडणी घेता येते. बंगळुरूत ऑनलाइन फोटो पाहून घर ठरवू नये. पहिले काही आठवडे पीजीमध्ये किंवा कंपनीच्या अतिथिगृहात राहून, सकाळच्या वेळी कारखान्यापर्यंत स्वतः जाऊन पाहून मगच निर्णय घ्यावा. मेट्रोची हिरवी मार्गिका पीण्यातून जाते, त्यामुळे त्या मार्गिकेलगतचे घर थोडे महाग असले तरी परवडते. तिथे अनामत रक्कम अनेक महिन्यांच्या भाड्याइतकी मागितली जाते आणि घर सोडताना रंगकामापोटी महिन्याभराचे भाडे कापण्याची प्रथा आहे. ती मान्य असो वा नसो, करारात स्पष्ट लिहून घ्यावी.

सामानासाठी वाहतूकदार निवडताना यादीवर डोळे ठेवावेत. माणसे कपाट उचलतानाच यादीत ‘ओरखडे आहेत’ असे लिहून टाकतात आणि मग नुकसान मागण्याचा मार्ग बंद होतो. प्रत्येक मोठ्या वस्तूचा फोटो त्यांच्यासमोर काढावा, ट्रान्झिट विमा (वाहतुकीतील नुकसानीचा विमा) घ्यावा आणि दागिने व मूळ कागदपत्रे सोबतच न्यावीत. रेल्वेने जायचे असल्यास मनमाडहून कर्नाटक एक्सप्रेस थेट बंगळुरूला जाते.

जुनी दुचाकी नाशिकलाच विकणे मला शहाणपणाचे वाटते. चारचाकी न्यायची असेल, तर नाशिकच्या परिवहन कार्यालयातून ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि गाडीवर कर्ज असल्यास बँकेचेही. परराज्यात 12 महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीची तिथे फेरनोंदणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. कर्नाटकाचा रस्ता कर भरल्यावर महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो. नव्या गाडीचा विचार असेल आणि नव्या कंपनीची कार्यालये 4 किंवा अधिक राज्यांत असतील, तर भारत मालिकेतील (बीएच) क्रमांक घ्यावा, म्हणजे राज्य बदलल्यावर फेरनोंदणी करावी लागत नाही.

मुले शाळेत असतील, तर शक्यतो वार्षिक परीक्षेनंतर कुटुंब न्यावे. कर्नाटकातील राज्य मंडळाच्या शाळा मे महिन्याच्या अखेरीस सुरू होतात, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला एप्रिलमध्येच मागावा. परराज्यासाठी त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागितली जाऊ शकते. कर्नाटकात 2015 च्या कायद्यानुसार शाळेत कन्नड शिकावे लागते. मोठ्या वर्गात जाणाऱ्या मुलाला थेट तिथे बसवण्यापेक्षा सुट्टीत अक्षरओळख करून द्यावी, म्हणजे पहिले काही महिने त्याला जड जाणार नाहीत. घरातल्या मोठ्यांनीही भाजीवाल्याशी आणि रिक्षावाल्याशी बोलण्यापुरते कन्नड शिकावे.

रुजू झाल्यावर भाडेकराराच्या आधारे आधारवरील पत्ता बदलावा, फॉर्म 8 भरून मतदार यादीतील नाव नव्या पत्त्यावर न्यावे आणि जुन्या पगार खात्यात किमान शिल्लक ठेवावी, कारण पगार येणे थांबल्यावर ते साध्या बचत खात्यात बदलते. त्या खात्यातून जाणारे हप्ते नव्या खात्यावर वळवावेत. राजीनाम्यानंतर 2 कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकते करण्याची तरतूद वेतन संहितेत आहे. तरीही अंतिम हिशेब रखडला, तर प्रथम मनुष्यबळ विभागाला तारखांसह लेखी ई-मेल पाठवावा आणि उत्तर न आल्यास नाशिकच्या कामगार आयुक्त कार्यालयाकडे अर्ज करावा. भविष्य निर्वाह निधीची तक्रार निधी संघटनेच्या तक्रार पोर्टलवर बंगळुरूत बसूनही नोंदवता येते.